तिसऱ्या बॅचला रेझिन का मेलं?

रातपाळी_केमिस्ट (चिकोडी तालुका), रात्री १:१०

नमस्कार मंडळी. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे. कोणता कारखाना ते विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.

आमच्याकडं मळीपासून रोज साठ हजार लिटर स्पिरिट निघतं आणि त्याच्या मागं दीडशे लिटरच्या आसपास फ्यूझल ऑइल. स्पेंट वॉशबद्दल, म्हणजे स्पिरिट काढून उरलेल्या सांडपाण्याबद्दल, सगळं गाव बोलतं, कारण स्पिरिटच्या एका लिटरमागं ते दहा लिटर निघतं आणि वारा फिरला की वास थेट स्टँडपर्यंत येतो. फ्यूझलचं नाव कुणी काढत नाही. डिकँटरमधून पिवळसर तेल वरच्या वर काढायचं, ड्रम भरायचे. व्यापारी आला तर घेऊन जातो, नाही आला तर बॉयलरला जातं.

मला ते बघवत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मळीत थोडे अमिनो आम्लही असतात. यीस्टला त्यातला नायट्रोजन हवा असतो, तो काढून घेतला की उरलेला सांगाडा ते अल्कोहोल करून बाहेर टाकतं. ल्युसीनचं आयसोअमाइल अल्कोहोल होतं, व्हॅलीनचं आयसोब्यूटेनॉल. त्यांचंच मिश्रण म्हणजे फ्यूझल, वर थोडं इथेनॉल आणि पाणी. नुसतं नाकाला लावलं तर खोकला येतो. खरं त्यातल्या आयसोअमाइलला ॲसिटिक ॲसिड जोडलं की आयसोअमाइल ॲसिटेट नावाचा इस्टर होतो आणि लॅबभर पिवळ्या पेपरमिंटच्या गोळीचा वास सुटतो. केळ्याचा इसेन्स म्हणतात तो हाच. थिनरमध्ये, लॅकरमध्ये चालतो.

एमएस्सीला असताना गंधकाम्ल घालून केलं होतं. ते काम होतं, खरं माल काळा पडतो, मग सोड्यानं धुवा, परत पाणी काढा, असला उपद्व्याप. म्हणून यावेळी घन उत्प्रेरक घेतला, अँबरलिस्ट-१५ नावाचं रेझिन. मोहरीएवढे राखी-तपकिरी मणी. आम्ल मण्यातच अडकलेलं, गाळलं की माल वेगळा, मणी वेगळे.

आता काय केलं ते सांगतो. एक लिटर फ्यूझल आधी ऊर्ध्वपातन करून १२८ ते १३२ अंशांचा कट, म्हणजे त्या तापमानाला उकळून येणारा भाग, घेतला, साडेपाचशे मिली आला. त्यातला २०० मिली, ॲसिटिक ११० मिली, कोरडं रेझिन १५ ग्रॅम. वर पाण्याचा सापळा लावला, म्हणजे तयार होणारं पाणी वाफेबरोबर वर येऊन सापळ्यात खाली बसतं आणि तेलाचा थर परत भांड्यात पडतो. हिशेबानं ३३ मिली पाणी यायला हवं.

पहिली बॅच: साडेतीन तासांत ३१ मिली. मी एकटाच लॅबमध्ये नाचलो.
दुसरी: तेवढ्यालाच साडेपाच तास.
तिसरी: आठ तास झाले, शिफ्ट संपली, सापळ्यात १५ मिली.

दर बॅचनंतर रेझिन नीट धुतलं होतं, कुठं हयगय नाही. पुस्तकात तर उत्प्रेरक संपत नाही असंच शिकवलंय की ओ. मग हे काय झालं? डबी साहेबांनी स्वतःच्या ओळखीवर मागवून दिलीय, दुसरी मागायला तोंड नाही.

उद्यमबागवाला, सकाळी ९:२०

भावा, आमचं थिनरचं छोटं युनिट आहे म्हणून आधी पैशाचं बोलतो. दीडशे लिटर फ्यूझल, त्यातला निम्मा कट, म्हणजे दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर. ते सगळं इस्टर केलंस तरी एक टेम्पो भरायला आठवडा जाणार. आणि ॲसिटिक विकत आणणार. स्वतः कारखान्यानं केलं तर परवडेल, तुझ्याकडनं ड्रम घेऊन इथं करायचं म्हटलं तर एक्साइजचे कागदच रेझिनपेक्षा महाग पडतील.

दुसरं. इस्टरच करायला पाहिजे असं काही नाही. तो १२८-१३२ चा कट नीट शुद्ध केला तर अमाइल अल्कोहोल म्हणूनच विकतो. गावातल्या दूध डेअरीत गर्बरच्या पद्धतीनं फॅट काढताना गंधकाम्ल १० मिली, दूध १०.७५ मिली आणि वर १ मिली अमाइल अल्कोहोल घालतात, ते हेच. आता बऱ्याच ठिकाणी मशीन आलंय, तरी वादाचा सँपल असला की ब्यूटायरोमीटरच, म्हणजे ती फॅटची काचेची नळीच, फिरतो.

रेझिनचं म्हणशील तर तुमच्या बोअरचं पाणी खराब असणार. सॉफ्टनरचं पाणी वापरून बघ. बॉयलरला लागतंय म्हणजे तुमच्याकडं असणारच.

रसायन_बाई (टिळकवाडी), दुपारी ३:४५

मी कॉलेजात शिकवते. माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. हे रेझिन १२० अंशांपर्यंतच वापरायचं असतं. त्यावर गेलं की मण्याला चिकटलेले सल्फोनिक गट, म्हणजे तुम्ही म्हणता ते मण्यातलं आम्लच, सुटून जातात, आणि ते परत बसवता येत नाहीत. तुमचा इस्टर १४२ ला उकळतो. म्हणजे सुरुवातीला पाणी आहे तोवर भांडं शंभराच्या थोडं वर राहणार, आणि बॅच संपत आली, पाणी गेलं, इस्टर वाढला, की तापमान आपोआप चढत जाणार. शेवटी थर्मामीटर किती दाखवत होता?

आणि अंदाजावर राहू नका, रेझिनमध्ये आम्ल किती उरलंय ते मोजा. शिफ्ट केमिस्टला टायट्रेशन नवीन नाही. वापरलेलं रेझिन ओव्हनला वाळवून बरोबर १ ग्रॅम घ्या. मिठाच्या द्रावणात तासभर ढवळा. सोडियम मण्यात शिरतो आणि तेवढंच आम्ल बाहेर पडतं. ते दशांश नॉर्मल कॉस्टिकनं फिनॉलफ्थॅलीन घालून काढा. नवीन डबीतल्या रेझिनलाही तेच करा. नवं असेल तर ४६-४७ मिली कॉस्टिक जायला हवं.

रातपाळी_केमिस्ट, रात्री ११:५५

मॅडम, थर्मामीटर पहिल्या बॅचला शेवटी १२६ गेला होता. मला वाटलं झालं म्हणजे झालं, बंद करायला दहा मिनिटं उशीर झाला. नंतरच्या दोन बॅचना ११८ च्या वर जाऊ दिलं नाही.

टायट्रेशन आत्ताच केलं. नवीन: ४६ मिली. वापरलेलं: १९. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच.

म्हणजे निम्म्याहून जास्त आम्ल गायब. दहा मिनिटांच्या उष्णतेनं एवढं जाईल?

उद्यमबागवाले दादा, सॉफ्टनरचं पाणी आहे की. पुढच्या वेळी त्यानंच धुतो.

कृष्णाकाठ (रायबाग), सकाळी ६:०५

थांब बाबा. सॉफ्टनरचं पाणी अजिबात लावू नकोस, सांगतो का ते.

मी तीस वर्षं साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये काढली, आता रान बघतो. आधी मला एक सांग. 'नीट धुतलं' म्हणजे काय केलं? कुठल्या पाण्यानं, किती, आणि कधी थांबलास?

रातपाळी_केमिस्ट, सकाळी ७:३०

सर, चाळणीत घेऊन नळाखाली. लॅबला बोअरचंच पाणी आहे. धुतलेल्या पाण्यात लिटमस बुडवून बघायचो, ॲसिटिक निघून जाईपर्यंत धुवायचं ठरवलं होतं. खरं लिटमस लालच यायचा. दोन लिटर पाणी गेलं तरी लाल. शेवटी कंटाळून थांबलो. दुसऱ्या बॅचनंतरही तेच, दोनेक लिटर.

बॉयलर हाउसच्या रजिस्टरला बोअरची हार्डनेस ६०० लिहिलीय. आमचा लॅबचा पोरगा मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, 'सवळ नीर ऐत्री सर, चहा फाटतोय.' म्हणजे पाणी सवळ, क्षाराचं आहे. मी हसलो होतो.

कृष्णाकाठ, सकाळी ८:१५

मग तुझ्या पोरानं उत्तर पहिल्याच दिवशी दिलं होतं.

लिटमस लाल का यायचा ते बघ. पहिल्या पेलाभर पाण्यात ॲसिटिक होतं, कबूल. पण दोन लिटरनंतर कुठलं ॲसिटिक? ते तर केव्हाच गटारात गेलं. नंतर जे आम्ल येत होतं ते रेझिनचं स्वतःचं. पाण्यातला कॅल्शियम मण्यात शिरत होता आणि त्याच्या जागेचा हायड्रोजन बाहेर पडत होता. तू आम्ल धुऊन काढत नव्हतास, उत्प्रेरकच धुऊन टाकत होतास. आणि लिटमस लाल यायचा थांबेपर्यंत धुणार होतास! तेवढा धीर धरला असतास तर रेझिन पुरतं मेलं असतं. कंटाळलास म्हणून थोडं वाचलं.

हिशेब घालू. हार्डनेस ६०० म्हणजे लिटरला १२ मिलिइक्विव्हॅलंट, आम्लाच्या जागा मोजायचं हे माप. चार लिटर पाणी, ४८. तुझं रेझिन १५ ग्रॅम, ग्रॅमला ४.६ (टायट्रेशनचे ४६ मिली म्हणजेच हे), म्हणजे ६९ होतं. ६९ मधनं ४८ गेले, २१ उरले, ग्रॅमला १.४. तुझं टायट्रेशन म्हणतंय १.९. चाळणीतनं भरभर ओतलेल्या पाण्यातला सगळाच कॅल्शियम काही धरला जात नाही, म्हणून तेवढा फरक. माझ्या मते हिशेब जुळला.

आता सॉफ्टनर. त्या टाकीत काय भरलंय? हेच, सल्फोनिक रेझिन, फक्त मिठाच्या पाण्यानं सोडियम करून ठेवलेलं. ते कॅल्शियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. म्हणजे सॉफ्टनरच्या पाण्यात कॅल्शियम नाही, खरं तेवढ्याच वजनाचा नव्हे, तेवढ्याच हिशेबाचा सोडियम आहे. साबणाला फेस येतो, बॉयलरला पापुद्रा धरत नाही, बरोबर. तुझ्या उत्प्रेरकाला मात्र कॅल्शियम काय आणि सोडियम काय, जागा अडली ती अडलीच. मॅडमनी मिठाच्या पाण्यात ढवळायला सांगितलं ते त्याच कारणानं की नाही?

माझं चार एकर रान कृष्णेकडं चोपण पडलंय. मातीच्या कणाला सोडियम धरून बसलाय. जिप्सम टाकून कॅल्शियमनं त्याला हुसकवायचं, मग पाणी देऊन चरातनं बाहेर काढायचं. तुझ्या मण्यात आणि माझ्या मातीत एवढाच फरक की मला कॅल्शियम आत पाहिजे आणि तुला बाहेर.

काढायचा कसा ते सांगतो. काचेच्या ब्यूरेटमध्ये रेझिन भर, तळाला काचलोकर. ५ टक्के हायड्रोक्लोरिक पाव लिटर, थेंब-थेंब, घाई नको. गंधकाम्ल वापरू नकोस. कॅल्शियमशी गाठ पडली की मण्याच्या आतच जिप्सम धरेल आणि छिद्रं बुजतील. स्टीलच्या भांड्यालाही हायड्रोक्लोरिक लावू नकोस, साहेब तुला सोडणार नाहीत. मग डिस्टिल्ड पाण्यानं धू. त्या पाण्यात बदलायला काही नाही, म्हणून तिथं लिटमस खरं बोलेल. क्लोराइड गेलं का ते सिल्व्हर नायट्रेटनं बघ.

डिस्टिल्ड पुरत नसेल तर रस आटवायच्या पहिल्या बॉडीचं (भांड्याचं) एक्झॉस्ट कंडेन्सेट, म्हणजे तिथल्या वाफेचं थंड झालेलं पाणी, घे. पुढच्या बॉड्यांचं नको, त्यात रसातला अमोनिया येतो, तोही रेझिनवर जाऊन बसतो.

आणि शेवटचं. दोन बॅचच्या मधे धुतोस कशाला? मण्याला लागून काय उरलंय, तर ॲसिटिक, अमाइल आणि इस्टर. पुढच्या बॅचला तेच घालणार आहेस ना! वरचा माल ओतून घे, त्याच भांड्यात नवी भर टाक.

रसायन_बाई, सकाळी १०:४०

सर, पटलं. माझा उष्णतेचा संशय सोडत नाही, पण आता तो तपासायला सोपं झालं. कॅल्शियमनं गेलेली जागा हायड्रोक्लोरिकनं परत येते. उष्णतेनं तुटलेला गट येत नाही. तेव्हा धुतल्यावर पुन्हा १ ग्रॅमचं टायट्रेशन करा. ४६ च्या जितकं खाली राहील तितकं १२६ अंशांचं.

माझ्या मुलांना मी 'उत्प्रेरक वापरला जात नाही' हेच वाक्य लिहून देते. पुढच्या वर्गात हा चाळणीचा किस्सा सांगणार, नाव न घेता.

मधाची_पेटी (खानापूर), दुपारी १:२५

रसायनातलं मला काही कळत नाही, खरं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. तुम्ही म्हणता तो केळ्याचा वास मधमाशी डंख मारते तेव्हा डंखाजवळून सुटतो. बाकीच्या माश्यांना तो इशारा असतो, इथं शत्रू आहे, या. डंखातला तो पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट असल्याचं १९६२ ला शोधलंय. पेटी उघडायच्या दिवशी आम्ही केळं खात नाही ते म्हणूनच. तुमच्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल तर प्रयोगाचा कोट लॅबमध्येच काढून ठेवत जा. सातेरी एकवेळ सोडेल, आग्या सोडणार नाही.

रातपाळी_केमिस्ट, रात्री १२:४०

दादा, मोहोळ आहे. टाकीखाली नाही, स्पिरिट गोडाउनच्या छज्जाला. आता तिकडनं जायचं बंद, लांबच्या गेटनं जातो. दुसऱ्या बॅचच्या दिवशी तिथनं जाताना वॉचमनला आणि मला दोघांनाही पळायला लागलं होतं, तेव्हा वाटलं पोरांनी दगड मारला असेल.

रेझिनचं सांगतो. काल रात्री ब्यूरेटमध्ये भरलं, पाव लिटर हायड्रोक्लोरिक सोडायला दोन तास घेतले. आधी बाहेर आलेल्या पाण्यातलं आम्ल अमोनियानं मारून अमोनियम ऑक्झलेटचे चार थेंब टाकून बघितले, दुधासारखं पांढरं झालं. कॅल्शियम. शेवटी-शेवटी तसंच आम्ल मारून तेच चार थेंब टाकले तर पाणी स्वच्छच. लॅबच्या पोराला बोलावून दाखवलं. तो बघून म्हणाला, 'नानु हेळिद्द्यल्लरी.' मी सांगितलं होतं की. आता काय बोलणार.

डिस्टिल्डनं धुतलं, तीनशे मिलीतच लिटमस निळा राहिला. वाळवून टायट्रेशन केलं: ४३ मिली. म्हणजे ४६ मधले ३ मॅडमच्या उष्णतेचे, आणि बाकी सगळं माझ्या नळाचं.

चौथी बॅच आता चालू आहे. रेझिन तेच. भांडं ११० च्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून पंपानं थोडा व्हॅक्यूम दिलाय, त्यामुळं सापळ्यात थर जरा हळू पडतोय, बुडबुडे जास्त. अडीच तासांत २२ मिली. दोन बॅचच्या मधे न धुता पाचवी तशीच टाकणार.

उद्यमबागवाला, सकाळी ९:०५

सॉफ्टनरचं मी सांगितलं होतं, ते मागं घेतो. आमच्या युनिटला पण पाण्यातले सगळे क्षार काढणारा एक डीएम प्लांट धूळ खात पडलाय, त्याचा उपयोग आज कळला.

चौथीचा माल शंभर मिली पाठव. नायट्रोसेल्युलोज लॅकरमध्ये घालून पत्र्यावर मारून बघतो, पांढरं ढग येतंय का. पाणी राहिलं असेल तर लगेच दिसतं. कोल्हापूरच्या बसला ड्रायव्हरकडं देऊ नको, वासानं गाडी थांबवतील. शनिवारी मी निपाणीला येतोय, स्टँडवर भेट.

कृष्णाकाठ, सकाळी ९:४०

जाता जाता एक. १९१० च्या आसपास मँचेस्टरला खाइम वाइझमन हे रसायनशास्त्रज्ञ आणि मंडळी याच आयसोअमाइल अल्कोहोलपासून आयसोप्रीन करून रबर बनवायच्या मागं होती. त्यांची पहिली अडचण तुझीच, फ्यूझल मुळात मिळतं किती? म्हणून आंबवून जास्त मिळवता येईल का हे शोधताना वाइझमन ॲसिटोन-ब्यूटेनॉल बनवणाऱ्या जिवाणूकडं वळले. तुझ्या साहेबांनी दीडशे लिटरवर तोंड वाकडं केलं तर हे सांग.

आणि बाटलीवर बॅच नंबर, तारीख आणि शेवटचं तापमान लिही. शनिवारी पत्रा ढगाळला तर शोधायचं कुठं?

रातपाळी_केमिस्ट, सकाळी ९:५५

लिहिलं सर. चौथी बॅच, ३० मिली पाणी, चार तास दहा मिनिटं, कमाल १०९. खाली पोराचं नाव पण लिहिलंय.